कार्यशाळा झाल्या, आता वर्गात या: शाश्वतता शिक्षण आणि शिक्षकांच्या मार्गदर्शनाबद्दल खुलं पत्र

प्रति,
शिक्षण खात्यांतले धोरण ठरवणारे अधिकारी, अभ्यासक्रम मंडळांचे सदस्य, शिक्षक-प्रशिक्षण संस्थांचे प्रमुख आणि शाळांच्या व्यवस्थापन समित्या यांस,

सप्रेम नमस्कार.

शाळेत शाश्वतता, म्हणजे निसर्ग पुढच्या पिढ्यांनाही पुरेल असं जगणं, शिकवायला हवी, यावर आता फारसं कुणाचं दुमत उरलेलं नाही. ती धोरणांत आली, पाठ्यपुस्तकांत आली, शाळांच्या भिंतींवरही रंगली. पण ज्या शिक्षकानं ती वर्गात उतरवायची, त्याच्या वाट्याला काय आलं? बहुतेक ठिकाणी एक-दोन दिवसांची कार्यशाळा किंवा काही तासांचं ऑनलाइन मॉड्यूल, शेवटी थोडे बहुपर्यायी प्रश्न आणि एक प्रमाणपत्र. पुढे वर्षभर त्या शिक्षकाच्या वर्गाकडे कुणी फिरकत नाही. खर्चाला कात्री लावायची वेळ आली की सगळ्यांत आधी मार्गदर्शकांचे तास कापले जातात, कारण कार्यशाळेतल्या उपस्थितीचा आकडा अहवालात लिहिता येतो आणि वर्गात मागच्या बाकावर बसून केलेल्या कामाला रकानाच नसतो. हे आम्हांला मान्य नाही. म्हणून खासगी निवेदन न देता हे पत्र सर्वांसमोर लिहीत आहोत.

आमचा संबंध सरळ आहे. आम्ही शिक्षकांचे मार्गदर्शक आहोत. पाठाचं टाचण होताना शिक्षकासोबत बसतो, पाठ चालू असताना वर्गात असतो, पाठ संपल्यावर त्यावर बोलतो. हे काम थांबलं की शिक्षक पुन्हा घोषवाक्यं, चित्रकला स्पर्धा आणि वृक्षारोपणाच्या दिवसाकडे वळतात. त्यात त्यांचा दोष नाही. एकट्यानं जेवढं निभावतं तेवढं ते करतात. नुकसान होतं ते मुलांचं.

आम्ही जे मागतो आहोत ते नवं नाही. युनेस्को आणि संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम यांनी ऑक्टोबर १९७७ मध्ये जॉर्जियातल्या तिबिलिसी शहरात भरवलेल्या परिषदेनं सांगितलं होतं, की पर्यावरण शिक्षण एका कोपऱ्यातला विषय न राहता सगळ्या विषयांतून आणि सगळ्या इयत्तांतून यावं, आणि त्यासाठी शिक्षकांची तयारी करून घ्यावी. १९९२ साली संयुक्त राष्ट्रांच्या रिओ इथल्या पर्यावरण आणि विकास परिषदेत मान्य झालेल्या ‘अजेंडा २१’ या कृती आराखड्याच्या ३६ व्या प्रकरणानं तेच सांगितलं. २००५ ते २०१४ हे अख्खं दशक संयुक्त राष्ट्रांनी शाश्वत विकासासाठीच्या शिक्षणाला दिलं. २०१५ मध्ये ठरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास ध्येयांतलं ४.७ हे लक्ष्य (शाश्वत विकासासाठी लागणारं शिक्षण सर्व विद्यार्थ्यांना मिळावं) मोजायचं कसं, तेही ठरलं आहे. त्याच्या निर्देशकात चार गोष्टी तपासायच्या आहेत: राष्ट्रीय शिक्षण धोरण, अभ्यासक्रम, शिक्षक-शिक्षण आणि विद्यार्थ्यांचं मूल्यमापन. यातल्या पहिल्या दोन गोष्टी कार्यालयात बसून कागदावर पुऱ्या करता येतात, म्हणून त्या होतात. उरलेल्या दोन वर्गात गेल्याशिवाय होत नाहीत, आणि तिथेच सगळं अडलं आहे.

याचा परिणामही समोर आहे. २०२१ साली युनेस्को आणि शिक्षक संघटनांचा जागतिक महासंघ असलेली एज्युकेशन इंटरनॅशनल यांनी अनेक देशांतल्या शिक्षकांचं सर्वेक्षण केलं. हवामान बदलाचं गांभीर्य शिकवणं महत्त्वाचं आहे, असं सुमारे ९५ टक्के शिक्षकांनी सांगितलं. ते शिकवण्याचा आत्मविश्वास असलेले ४० टक्क्यांहून कमी निघाले. आपल्या भागावर होणारे परिणाम नीट समजावून सांगता येतात, असं म्हणणारे साधारण एक तृतीयांश. म्हणजे शिक्षकांना पटवून देण्याचं काम झालेलं आहे. तरीही आपल्या कार्यशाळांचा निम्मा वेळ हा विषय महत्त्वाचा का आहे, हेच सांगण्यात जातो.

आता तक्रारी एकेक करून मांडतो.

पहिली तक्रार: शिक्षक नेमका कुठे अडतो, ते कार्यशाळेत दिसतच नाही. एक उदाहरण देतो. हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे १९५८ पासून हवेतल्या कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण मोजलं जातं. त्याचा आलेख आता बऱ्याच पाठ्यपुस्तकांत आणि प्रशिक्षणाच्या स्लाइडवर असतो. सुरुवातीला दहा लाख भागांत ३१५ च्या आसपास असलेली रेषा आता ४२० च्या पुढे गेली आहे. स्लाइडवर ती दहा सेकंद दिसते आणि सगळे माना डोलावतात. वर्गात मात्र कुणीतरी मूल विचारतं, “ही रेषा करवतीच्या दात्यांसारखी वर-खाली का होते?” उत्तर असं: जमिनीचा आणि वनस्पतींचा मोठा वाटा उत्तर गोलार्धात आहे. तिथल्या उन्हाळ्यात झाडं कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात, तेव्हा रेषा खाली येते. हिवाळ्यात पानं गळतात, कुजतात, श्वसन चालूच राहतं, तेव्हा ती वर जाते. वर्षातली ही चढउतार मौना लोआला साधारण दहा लाखांत सहा भागांची असते, आणि ती होत असतानाच एकूण रेषा वर सरकत राहते. हे ठाऊक नसलेला शिक्षक दोनपैकी एक करतो: प्रश्न टाळतो, नाहीतर पुढच्या वर्षी आलेखच वगळतो. दुसरा एखादा विद्यार्थी म्हणतो, “रेषा तर कितीतरी पटींनी वाढलेली दिसते!” कारण आलेखाचा उभा अक्ष शून्यापासून सुरू होत नाही, तो ३१० पासून सुरू होतो. ३१५ वरून ४२० म्हणजे एक तृतीयांशानं वाढ. तीही प्रचंडच आहे, पण कितीतरी पट नव्हे. गणिताच्या शिक्षकाला इथे अक्ष, प्रमाण आणि टक्केवारी शिकवण्याची उत्तम संधी असते. ती संधी दाखवून द्यायला त्या तासाला तिथे कुणीतरी हवं.

असाच दुसरा घोळ ओझोनचा. ओझोनच्या थराला भोक पडल्यामुळे पृथ्वी तापते, ही समजूत मुलांत आणि शिक्षकांतही घट्ट बसलेली आहे. ओझोनचा थर सूर्याची अतिनील किरणं अडवतो. तापमानवाढ मुख्यतः कार्बन डायऑक्साइड, मिथेन यांसारखे वायू पृथ्वीकडून बाहेर जाणारी उष्णता अडवतात म्हणून होते. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळतात त्यालाही कारण आहे: थराची हानी करणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायू स्वतः उष्णताही अडवतात. कार्यशाळेत चूक-बरोबरच्या प्रश्नात ही समजूत दुरुस्त झाल्यासारखी वाटते. तीन महिन्यांनी शिकवताना ती जशीच्या तशी परत येते, कारण शिक्षकानं ती स्वतःच्या शब्दांत एकदाही मांडून पाहिलेली नसते. पाठाच्या आधी मार्गदर्शकासमोर ती मांडून पाहिली की पंधरा मिनिटांत गाठ सुटते. पुढे ओझोनची हानी करणारे वायू कमी करण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल कराराकडे वळून, सगळे देश एकत्र आले तर काय होऊ शकतं, तेही इतिहासाच्या तासात घेता येतं.

दुसरी तक्रार: मुलांना मोजायला लावा, असं सांगितलं जातं. मोजायचं कसं आणि मोजताना चुकतं कुठे, हे कुणी सांगत नाही. ही तक्रार थोडी सविस्तर मांडतो, कारण शाश्वतता शिक्षणाचा जीव याच ठिकाणी आहे.

गळका नळ घ्या. जवळपास प्रत्येक प्रशिक्षण पुस्तिकेत तो असतो. एका सेकंदाला एक थेंब पडला तर दिवसाला ८६,४०० थेंब, इथपर्यंत सगळं ठीक. पुढे थेंबाचं आकारमान इंटरनेटवरून घ्यायला सांगतात. कुठे थेंब ०.०५ मिलीलिटर धरलेला असतो, त्याचे दिवसाला ४.३२ लिटर होतात. कुठे ०.२५ मिलीलिटर धरलेला असतो, त्याचे २१.६ लिटर. तोच नळ, तेच थेंब, आणि उत्तरात पाचपट फरक. ज्या वर्गात दोन गटांची अशी दोन उत्तरं येतात, तिथे शिक्षक गोंधळतो आणि मुलं समजतात की हे आकडे काहीही असू शकतात. मार्गदर्शक सोबत असेल तर तो शिक्षकाला सांगतो: थेंब मोजूच नका, पाणी मोजा. नळाखाली १०० मिलीलिटरचं मोजपात्र ठेवा, घड्याळ लावून १० मिनिटं थांबा, जमलेलं पाणी वाचा आणि १४४ नं गुणा, कारण दिवसात १० मिनिटांचे १४४ तुकडे असतात. ३० मिलीलिटर जमलं तर ४,३२० मिलीलिटर, म्हणजे दिवसाला ४.३२ लिटर.

इथेही चुकायच्या जागा आहेत. वाचताना ५ मिलीलिटरची चूक झाली तर दिवसाच्या उत्तरात ७२० मिलीलिटरची चूक होते. म्हणून मोजपात्र सपाट जागी ठेवायचं, डोळा पाण्याच्या पातळीला आणायचा आणि पाण्याच्या कडेची वर चढलेली रेघ सोडून मधल्या खोलगट भागाचा आकडा घ्यायचा. पाण्याचा दाब दिवसभर सारखा नसतो. टाकी भरलेली असताना नळ जास्त गळतो, उतरल्यावर कमी. म्हणून सकाळी, दुपारी आणि शाळा सुटताना अशी तीन वाचनं घ्यायची आणि तिन्ही फळ्यावर तशीच ठेवायची. सरासरी नंतर काढता येते. आधी “तीन आकडे वेगळे का आले?” हा प्रश्न मुलांसमोर यायला हवा. शाळेचा पाणीपुरवठा रात्री बंद होत असेल तर १४४ नं गुणणंच चुकीचं. पाणी जितके तास सुरू तितक्याच तासांचा हिशेब. मोजणी चालू असताना कुणी तो नळ वापरला तर ते वाचन सरळ रद्द करायचं.

बहुतेक वेळा गळतीचं कारण झिजलेला वायसर असतं. तो बदलल्यावर त्याच नळावर, त्याच तीन वेळांना पुन्हा मोजायचं. ही दुसरी मोजणी जवळजवळ कुठेच होत नाही. पहिली मोजणी झाली, तक्ता भिंतीवर लागला, फोटो निघाला की उपक्रम संपल्याचं धरलं जातं. पण मोजणं, निर्णय घेणं आणि निर्णयानं फरक पडला का ते पुन्हा मोजून पाहणं, हे तिन्ही झालं तरच शाश्वतता शिकवली गेली असं म्हणता येईल. वायसर बदलण्याची परवानगी कोण देतं, खर्च कुठल्या खात्यातून होतो, अर्ज कुणाच्या नावे करायचा, हे शोधून मुलांनी अर्ज लिहिला तर तो भाषेच्या तासाचा भाग होतो. मुलांना व्यवस्था कळते ती अशा कामातून.

कचऱ्याच्या मोजणीचीही तीच गत. पाच दिवस वर्गाचा कचरा वेगळा करून तोलायचा आणि दर विद्यार्थी दर दिवशी किती ग्रॅम ते काढायचं, एवढंच लिहिलेलं असतं. डब्याचं किंवा पिशवीचं वजन वजा करायला विसरतात. ओला आणि कागदी कचरा एकत्र राहिला की कागद पाणी पिऊन जड होतो आणि “कागद सर्वांत जास्त” असं चुकीचं निदान होतं. सफाई कर्मचाऱ्यांना आदल्या दिवशी सांगितलेलं नसतं, म्हणून तोलण्याआधीच डबा रिकामा होतो. मोजणी चालू आहे हे ठाऊक असल्यानं मुलं त्या आठवड्यात कचरा कमी करतात, आणि पुढे एखाद्या आठवड्यात पुन्हा तोलून तुलना केली की कचरा वाढल्यासारखा दिसतो. काच, सुया आणि वापरलेले सॅनिटरी पॅड मुलांच्या हाती येता कामा नयेत, हे तर छापील सूचनांत पहिल्या ओळीत हवं. ते बऱ्याचदा नसतंच.

तिसरी तक्रार मार्गदर्शकाच्या भूमिकेबद्दल आहे. जिथे मार्गदर्शक नेमले जातात तिथे त्यांना तपासनीस केलं जातं. भेटीत काय भरायचं तर नोंदवही अद्ययावत आहे का, फलक लावला आहे का, उपक्रमाचे फोटो अपलोड झाले का. अशी भेट ठरली की शिक्षक आदल्या दिवशी मुलांकडून उत्तरं पाठ करून घेतो, आणि पाहायला मिळतो तो पाठ खरा नसतो. मार्गदर्शन आणि मूल्यांकन एकाच माणसाच्या हाती दिलं की शिक्षक अडचण सांगणं बंद करतो. अडचण सांगितलीच नाही तर मार्गदर्शन कशाचं करायचं?

चांगल्या मार्गदर्शनाची एक फेरी तीन भागांची असते. पाठाच्या आधी सुमारे ४० मिनिटं बसायचं. नवा धडा शोधायचा नाही, वार्षिक नियोजनातला पुढच्या आठवड्याचा घटकच घ्यायचा. तास संपताना मुलांनी काय करून दाखवावं, त्यासाठी शाळेच्या आवारातला कोणता पुरावा वापरता येईल, आणि तास कुठे अडण्याची शक्यता आहे, एवढं ठरवायचं. मार्गदर्शकानं कोणती एक गोष्ट टिपायची, तेही शिक्षकानं सांगायचं.

मग पाठ. मार्गदर्शक मागे बसतो आणि कोण काय बोललं ते जमेल तितकं शब्दशः लिहितो. “मुलांचा सहभाग चांगला” असं लिहून उपयोग नाही. शिक्षकानं किती प्रश्न विचारले, त्यांतले किती एका शब्दात उत्तर देण्यासारखे होते, प्रश्नानंतर ते किती सेकंद थांबले, हे लिहायचं. प्रश्न विचारून शिक्षक साधारण एकच सेकंद थांबतात, आणि ती विश्रांती तीन सेकंदांवर नेली की मुलांची उत्तरं लांब आणि विचारपूर्वक होतात, हे १९७० च्या दशकातल्या संशोधनानं दाखवून दिलं आहे. “पाणी वाया का जातं?” अशा प्रश्नाला एका सेकंदात घोषवाक्यच मिळणार. विचार करून दिलेलं उत्तर हवं असेल तर थांबायला हवं, आणि आपण थांबत नाही हे शिक्षकाला स्वतःहून कळत नाही. कुणीतरी टिपून दाखवावं लागतं.

तिसरा भाग पाठानंतरच्या बोलण्याचा. त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, ४० मिनिटं. आधी शिक्षक बोलतो, मग मार्गदर्शक टिपण समोर ठेवतो, आणि पुढच्या पाठात करायचा एकच बदल दोघं ठरवतात. सात सूचना दिल्या की एकही अमलात येत नाही. पहिल्या फेरीत हवं तर मार्गदर्शकानं स्वतः शिकवून दाखवावं, दुसरीत दोघांनी मिळून शिकवावं, तिसरीपासून शिक्षकानं एकट्यानं. वर्षात अशा किमान सहा फेऱ्या झाल्याशिवाय सवय बदलत नाही, असं आमचं स्पष्ट मत आहे.

चौथी तक्रार साध्या गणिताची. ४० मिनिटं आधी, एक तास पाठाचा, ४० मिनिटं नंतर, वर प्रवास आणि टिपणं: एका फेरीला अर्धा दिवस जातो. पाच दिवसांच्या आठवड्यात अर्धे दिवस दहा. त्यांतले पाच साहित्य जमवणं, स्वतःचा अभ्यास, मुख्याध्यापकांशी बोलणं आणि इतर मार्गदर्शकांबरोबरच्या बैठकी यांत जातात. उरतात पाच फेऱ्या. एका मार्गदर्शकाकडे १० शिक्षक असतील तर प्रत्येकाला दोन आठवड्यांनी एक फेरी मिळते. त्याच मार्गदर्शकाला ६० शिक्षक दिले तर प्रत्येकाची पाळी १२ आठवड्यांनी येते. परीक्षा आणि सुट्ट्या वजा केल्या की वर्षात दोन, फार तर तीन भेटी. मग आपण म्हणता की मार्गदर्शनाचा परिणाम दिसत नाही.

परिणाम दिसतो, पण अटींवर. वर्गातल्या मार्गदर्शनावरच्या ६० अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण २०१८ साली प्रसिद्ध झालं. शिकवण्याच्या दर्जात ठळक आणि विद्यार्थ्यांच्या गुणांत त्याहून कमी, पण स्पष्ट सुधारणा त्यात दिसली. कार्यक्रम शेकडो शिक्षकांपर्यंत ताणले गेले तिथे परिणाम लक्षणीय घटला. हे अभ्यास बहुतांशी अमेरिकेतले होते आणि मुख्यतः वाचन-लेखनासारख्या विषयांवरचे होते, शाश्वतता शिक्षणावरचे नव्हते. तरी दर्जा टिकवायचा असेल तर संख्या भराभर वाढवता येत नाही, एवढा बोध आपल्या आराखड्यांना पुरेसा आहे.

पाचवी: परीक्षेत जे येत नाही ते वर्गातून जातं, हे सांगायला नको. शाश्वततेवरचे प्रश्न व्याख्या आणि उपाय लिहा, एवढ्यावरच थांबतात. स्वतः गोळा केलेल्या आकड्यांवरून निष्कर्ष काढायला सांगणारा प्रश्न नाही.

सहावी तक्रार मुलांच्या मनाशी संबंधित आहे आणि ती आम्हांला सर्वांत जास्त टोचते. लहान इयत्तांतल्या मुलांना जंगलं जळताना, हिमनद्या वितळताना दाखवायचं आणि तास संपवायचा, हे चुकीचं आहे. भीती घेऊन घरी गेलेल्या मुलाला काही करता येईल असं वाटत नाही. ते विषयच टाळू लागतं. लहान वयात परिसराशी ओळख आणि जिव्हाळा, पुढे मोजमाप आणि दुरुस्ती, त्याच्यापुढे धोरण आणि न्याय, असा क्रम असायला हवा. दुसरं, व्यक्तीच्या पर्यावरणीय पदचिन्हाचा, म्हणजे तिच्या राहणीचा निसर्गावर किती भार पडतो याचा, हिशेब करणारी ऑनलाइन साधनं सर्रास वापरली जातात. वर्गातल्या सर्वांत गरीब मुलाचा आकडा सर्वांत लहान येतो. त्याच्याकडे वस्तू कमी आहेत म्हणून तो आदर्श ठरतो, आणि ते सगळ्या वर्गासमोर. शिवाय साऱ्या प्रश्नाचं ओझं एका कुटुंबाच्या सवयींवर येतं. वीज कशापासून तयार होते, बस मिळते की नाही, वस्तू दुरुस्त होईल अशी बनवली जाते की नाही, हे निर्णय मुलाच्या घरात होत नाहीत. असा हिशेब करायचाच असेल तर संपूर्ण शाळेचा करावा, एकेका मुलाचा नको.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जिच्याबद्दल आपण मौन पाळता. मुलांनी जवळच्या ओढ्याचं पाणी तपासलं आणि गढूळपणाचं किंवा आम्लतेचं कारण एखाद्या कारखान्यापर्यंत गेलं, तर त्याच कारखान्यात काही मुलांचे पालक कामाला असतात. तक्रारीचा फोन मुख्याध्यापकांना येतो आणि शिक्षक एकटा पडतो. पुढच्या वर्षी तो पाण्याचा विषय घेत नाही. काय मोजलं, कसं मोजलं, निष्कर्ष कुठपर्यंत ताणता येतो, पालकांच्या रोजगाराबद्दल वर्गात कसं बोलायचं, याची तयारी आधी करता येते. एका दिवसाच्या एका नमुन्यावरून कुणावरही बोट ठेवायचं नसतं. वरच्या आणि खालच्या प्रवाहातले नमुने, वेगवेगळ्या दिवशी घेतलेले, शेजारी शेजारी ठेवायचे असतात. ही तयारी मार्गदर्शक करून घेऊ शकतो. शिक्षकाच्या पाठीशी उभं राहणं मात्र आपल्या लेखी आदेशाशिवाय होणार नाही.

आमच्या मागण्या अशा:

१. शाश्वतता शिक्षणासाठी कार्यशाळांवर होणाऱ्या खर्चातला निदान अर्धा वाटा वर्गातल्या मार्गदर्शनाकडे वळवावा, आणि ती तरतूद सलग तीन वर्षांसाठी असावी. दर वर्षी नव्यानं मंजुरी लागली तर अनुभवी मार्गदर्शक टिकत नाहीत.

२. एका पूर्णवेळ मार्गदर्शकाकडे १० शिक्षक, कोणत्याही परिस्थितीत १२ पेक्षा जास्त नाहीत. संख्या कमी पडत असेल तर कमी शाळांपासून सुरुवात करावी.

३. शिक्षकाच्या वेळापत्रकात मार्गदर्शनासाठी आठवड्याला एक तास राखून ठेवावा आणि तो बदली तास म्हणून वापरला जाऊ नये. शाळा सुटल्यावर थांबा, असं सांगून हे काम होत नाही.

४. मार्गदर्शकाची टिपणं शिक्षकाच्या मूल्यांकनात, बढतीत किंवा चौकशीत वापरली जाणार नाहीत, असं लेखी द्यावं. टिपणाची प्रत शिक्षकाकडे राहील, वरच्या कार्यालयात जाणार नाही.

५. मार्गदर्शकांचीही तयारी व्हावी. महिन्यातून एकदा त्यांनी एकमेकांचे पाठोत्तर संवाद ऐकावेत आणि अवघड संकल्पनांचा एकत्र अभ्यास करावा. गणित, भाषा, इतिहास आणि विज्ञान या विषयांचे मार्गदर्शक त्यात असावेत. हा विषय एकट्या विज्ञान शिक्षकाचा नाही.

६. प्रत्येक शाळेला मोजमापाची एक पेटी द्यावी: १०० मिलीलिटर आणि १ लिटरची मोजपात्रं, १ ग्रॅमपर्यंत वाचणारा ५ किलोचा तराजू, स्प्रिंगचा ताणकाटा, दोन तापमापक, स्टॉपवॉच, मोजपट्टी, हातमोजे, पाण्याची आम्लता तपासायच्या पट्ट्या आणि प्लगला लावायचा वीजमापक. सोबत प्रत्येक साधन वापरताना काय चुकतं, हे सांगणारं एक पान असावं. तराजूचा सेल संपला किंवा पट्ट्यांची मुदत गेली तर बदली कोण देणार, तेही त्यावर लिहिलेलं असावं. पेटी कपाटात कुलूपबंद राहू नये.

७. प्रत्येक सत्राच्या परीक्षेत, वर्गानं स्वतः गोळा केलेल्या नोंदींवर आधारलेला एक प्रश्न असावा: आकडे वाचा, शंका मांडा, निर्णय सुचवा.

८. स्थानिक, वादाचे ठरू शकतील असे विषय शिकवणाऱ्या शिक्षकाला संरक्षण देणारी मार्गदर्शक सूचना काढावी. ठरलेली पद्धत पाळून केलेल्या मोजणीबद्दल तक्रार आली तर उत्तर देण्याची जबाबदारी शाळेची आणि खात्याची राहील.

९. वार्षिक अहवालात “प्रशिक्षित शिक्षकांची संख्या” यासोबत दोन आकडे द्यावेत: किती शिक्षकांना सहा किंवा अधिक फेऱ्या मिळाल्या, आणि किती शाळांनी दुरुस्तीनंतर पुन्हा मोजणी केली.

यातली तिसरी आणि चौथी मागणी मान्य करायला जवळपास काहीच खर्च येत नाही. त्यांचे आदेश पुढच्या शैक्षणिक वर्षाचं वेळापत्रक ठरण्याआधी निघावेत. उरलेल्या मागण्यांबाबत काय शक्य आहे, काय नाही आणि का नाही, हे लेखी आणि जाहीर उत्तरात कळवावं. चर्चेला बोलावलंत तर आम्ही टाचणं, टिपणं आणि मोजणीचे तक्ते घेऊन येऊ. पण त्याआधी एक विनंती आहे: आपल्यापैकी प्रत्येकानं आधी न कळवता, फलक किंवा स्वागताशिवाय, शाश्वततेचा एक पूर्ण तास वर्गात मागे बसून पाहावा, आणि तास संपल्यावर त्या शिक्षकाला कशाची गरज आहे, ते विचारावं.

आपले,
शिक्षकांसोबत वर्गात काम करणारे मार्गदर्शक